वरचे दात, खालचे दात

१४ मार्च

आई,
नमस्कार.

काल फोनवर आपण जे केलं त्याला बोलणं म्हणावं का, असा मला प्रश्न पडला आहे. मी म्हटलं, "त्याची दाढ तुटली." तुम्ही ऐकलंत, "गाडी तुटली." मग उरलेला सगळा वेळ बस कुठे धडकली आणि कोणाला लागलं यातच गेला. आई, कोणालाही लागलेलं नाही. मी चालवते ती बस सुखरूप आहे. दाढ तुटली आहे, आणि ती तुमच्या मुलाची.

फोनवर मला ओरडून बोलावं लागतं, आणि जे विचारायचं आहे ते ओरडण्यासारखं नाही. ज्याच्याबद्दल विचारायचं तो शेजारच्याच खोलीत असतो. म्हणून हे पत्र.

झालं असं, की परवा न्याहारीला तो पाव खात होता. अगदी मऊ पाव, दुधात बुडवलेला. मधेच थांबला, म्हणाला, "खडा आला." तोंडातून काढून बघतो तर दाढेचा तुकडा. मी त्याला ओढतच दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आरसा धरून मलाही दाखवलं. मागचे दात झिजून सपाट झाले आहेत, जणू कोणी कानस फिरवली आहे. गालाच्या आतून पांढरी रेघ, जिभेच्या कडांवर दातांचे ठसे. त्या म्हणाल्या, "हे झोपेत दात खातात. आणि माझा अंदाज, दिवसाही आवळून धरतात."

झोपेतलं मला आधीच माहीत होतं. वाळूवरून पत्र्याचा डबा ओढावा तसा आवाज येतो. माझी पहिली फेरी उजाडायच्या आत सुटते आणि बसमध्ये माणसं असतात, मला पुरेशी झोप हवीच. म्हणून हल्ली मी बाहेरच्या खोलीत झोपते.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं आहे: लहानपणी ही सवय होती का? वडिलांना होती का? डोकं दुखायचं का? त्याला विचारलं तर तो म्हणतो, "आठवत नाही." तुम्हाला आठवेल.

तुमची सून


२२ मार्च

सूनबाई, आशीर्वाद.

गाडी नव्हे, दाढ, हे वाचून आधी हायसं वाटलं आणि मग दाढेचं वाईट वाटलं. याच क्रमाने वाटलं, खोटं कशाला सांगू.

हो, होती. भोपू शाळेत जायला लागला तेव्हा झोपेत करकर दात खायचा. त्याला भोपू का म्हणतात हे तुला कोणी सांगितलं की नाही कोण जाणे. तेव्हा तो असा गळा काढायचा की गल्लीच्या टोकाला कळायचं, याला आंघोळ घालतायत. दात खातो म्हटल्यावर सगळे म्हणाले, जंत. मी त्याला कडू औषध पाजलं. जंत काही निघाले नाहीत, पण मला चमचा घेऊन येताना पाहिलं की तो पळ काढायला शिकला. पुढे ते आपोआप थांबलं. त्याचं रडणंही थांबलं आणि हळूहळू बोलणंही कमी झालं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

त्याच्या वडिलांबद्दल मागाहून लिहीन.

आता मला एक सांग. बाहेरच्या खोलीत झोपतेस, हे तू पत्राच्या मधोमध असं घातलंस की जणू मला ते दिसणारच नाही. अगं, आमच्यात आठवडा-आठवडा अबोला असायचा, पण मी कधी खोली बदलली नाही. अर्थात आमच्याकडे खोली एकच होती, हा भाग वेगळा. तरी मुद्दा कळला असेल. आवाजाचं निमित्त मला सांगू नकोस. भांडण झालं असेल तर सरळ लिही. मी त्याची आई असले तरी आंधळी नाही, फक्त बहिरी आहे.

त्याला मीठ-पाण्याच्या गुळण्या करायला सांग.

तुझी सासू


४ एप्रिल

आई,
नमस्कार.

भांडण झालेलं नाही, हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे मधोमध घातलं असं व्हायला नको.

आणि तुम्ही त्याला वेगळं पत्र पाठवलंत! "बायकोशी नीट वाग" एवढंच सांगायला तुम्हाला चार पानं लागली. त्याने ती पानं माझ्यापुढे टेबलावर ठेवली आणि विचारलं, "मी काय केलं?" मला हसू फुटलं. त्याला नाही. मग मलाही बरं वाटेना. आई, राग मानू नका, पण यापुढे आमच्याबद्दल काही वाटलं तर मला विचारा.

आता दातांचं. दाढ बुजवली. वरच्या दातांचं माप घेऊन डॉक्टरीणबाईंनी एक पारदर्शक कवच बनवून दिलं आहे. झोपताना दातांवर बसवायचं. पहिले काही दिवस त्याला तोंडात दुसऱ्याचंच तोंड असल्यासारखं वाटत होतं, आता सवय झाली. पण त्यांनी बजावून सांगितलं, हे कवच दात वाचवेल, सवय मोडणार नाही. घोरणं किंवा झोपेत श्वास अडकणं असतं तर झोपेची तपासणी करायला लावली असती, तसं काही नाही. दुपारनंतर चहा-कॉफी बंद. च्युइंगगम बंद, पेनाचं टोपण चावणं बंद. कानशिलांना गरम पाण्याच्या टॉवेलचा शेक, आणि गालावर जबड्याचा स्नायू लागतो तिथे बोटांनी हलकं चोळायचं.

खरी मेहनत दिवसाची आहे म्हणाल्या. मला तोपर्यंत माहीत नव्हतं, की वरचे दात आणि खालचे दात एरवी एकमेकांना टेकायलाच नकोत. चावताना टेकतात, गिळताना क्षणभर, तेवढंच. बाकी सगळा वेळ ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला अलगद टेकलेली. तुम्ही आत्ता वाचतावाचता बघा, तुमचे कुठे आहेत.

हे ध्यानात राहावं म्हणून त्यांनी हिरव्या टिकल्यांचा एक कागद दिला. हव्या तिथे चिकटवायच्या. दिसल्या की जबडा काय करतोय ते पाहायचं. स्वतःवर चिडायचं नाही. बघायचं आणि सोडून द्यायचं. आरशावर एक लावली, नळाजवळ एक, फ्रिजवर एक. एक मी माझ्या स्टिअरिंगवर लावली, गंमत म्हणून. आई, मी दर लाल दिव्याला दात आवळते! आणि कोणी मोटारसायकल आडवी घातली की विचारूच नका. माझेच दात अजून शाबूत कसे, याचं नवल वाटतं.

एक टिकली त्याने गोदीत, तो चालवतो त्या क्रेनच्या केबिनमध्ये लावली आहे. घरातल्या टिकल्यांबद्दल विचारलं तर सांगतो, "सुटे होते." केबिनमधलीबद्दल विचारलं की म्हणतो, "हं."

कामावरून आला की त्याची कानशिलं ठणकतात. सुट्टीच्या दिवशी नाही. मी दोन आणि दोन चार करून त्याला विचारलं, गोदीत काही झालंय का? म्हणाला, "गोदीत काय व्हायचंय? जहाजांवरचे डबे उचलतो, डबे ठेवतो." तुम्हाला त्याने काही लिहिलंय का?

तुमची सून

ता.क. मीठ-पाण्याच्या गुळण्या केल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, करायला हरकत नाही. म्हणजे उपयोग नाही.


१९ एप्रिल

सूनबाई,

तुझं बरोबर आहे. त्याला वेगळं लिहायला नको होतं. चार पानं नव्हती, साडेतीन होती.

त्याने मला काही लिहिलेलं नाही. "मी बरा आहे, तू गोळ्या घे" एवढंच येतं त्याच्याकडून. तो वीस वर्षांपासून बराच आहे.

तू सांगितल्याबरोबर मी माझे दात पाहिले. आता माझी खालची कवळी आहे, ती काढून ठेवली की दात सुटेच असतात. इतके सुटे की एक टेबलावर, एक तोंडात. पण कवळी लावून बसले तर खरंच, नुसतं पत्र वाचताना मी जबडा घट्ट धरला होता. जणू पत्र कोणी हिसकावून नेणार आहे. सोडून पाहिला. खांदेही खाली आले. या वयात हे कळावं म्हणजे काय.

त्याच्या वडिलांबद्दल लिहायचं राहिलं होतं. ते वजनकाटे दुरुस्त करायचे हे तुला ठाऊक आहे. कामावरून येऊन हात धुवायला वाकले की मी त्यांच्या गालाकडे बघायची. कानाखाली एक गाठ वरखाली व्हायची, गालाच्या आत कोणी मूठ उघडमीट करतंय तशी. ती हलत असली की मी ओळखायची, आज काही बोलायचं नाही. मुलालाही खूण करायची, आज गप्प बस. मला वाटायचं, याला समजूतदारपणा म्हणतात. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला कधीच कळलं नाही. ती गाठ मात्र मी अजून चित्रात काढून दाखवू शकेन.

म्हणून तुला सांगते, तू माझ्यासारखी नुसती गाल वाचत बसू नकोस. पण समोर बसवून "काय झालंय सांग" असंही करू नकोस. भोपूला समोरून विचारलं की तो बंद होतो. त्याच्या हाताला काहीतरी काम दे, आणि तूही शेजारी बसून तेच कर. लहानपणी मटार सोलायला बसवलं की तो शाळेतलं सगळं सांगायचा. नजर शेंगांवर असली की त्याचं तोंड उघडतं. मटार महाग असले तर कपाट आवरायला घ्या.

तुझी सासू


११ मे

आई,

इकडे ठीक. माझ्या फेऱ्या बदलल्या, म्हणून लिहायला उशीर झाला. त्याला कामावरून थोडी सुट्टी आहे. तुम्ही काळजी करू नका. गोळ्या वेळेवर घ्या.

सून


२० मे

सूनबाई,

तुझं पाच ओळींचं पत्र आलं तेव्हाच मी समजले. तू पाच ओळींची बाई नाहीस. "गोळ्या घ्या" हे वाक्य माझ्या मुलाचं आहे, तुझं नव्हे.

तो इथे आला आहे. मंगळवारी दुपारी दार वाजलं असावं, मला अर्थातच ऐकू आलं नाही. खिडकीतून हात हलवत होता तेव्हा दिसला. हातात बॅग. म्हणाला, "सुट्टी आहे." आल्यापासून त्याने खिडकीची बिजागरी बदलली, नळाची गळती काढली, शिडी लावून छताचे कोपरे झाडले. उद्या काही उरलं नाही तर भिंत पाडून पुन्हा बांधेल. मी विचारलं, "ती का नाही आली?" म्हणाला, "तिला सुट्टी नाही." मी विचारलं, "तुला कशी आहे?" तर उठून शिडी आणायला गेला.

काल दुपारी जेवून खुर्चीतच त्याचा डोळा लागला. त्याचे दात वाजतायत का ते मला कळायची सोय नाही, तू म्हणतेस तसा डबा माझ्या कानाशी ओढला तरी मला पत्ता लागणार नाही. म्हणून मी जवळ गेले आणि त्याच्या गालावर, कानाच्या खाली, दोन बोटं ठेवली. सूनबाई, आत घट्ट दगड होता. मग तो दगड सरकला. पुन्हा सरकला. मी बोटं तशीच ठेवून उभी राहिले. एवढा मोठा माणूस, कानाशी केस पिकलेले, आणि झोपेत कशाला तरी असा धरून बसलेला की सोडलं तर काही पडेल.

मी त्याच्या वडिलांच्या गालाकडे इतकी वर्षं पाहिलं, पण हात कधी लावला नव्हता.

आता मला खरं सांग. कामावरून काढलंय का? आणि तुमच्यात काय झालंय? या वेळी मी उगाच विचारत नाहीये.

तुझी सासू


२४ मे

आई,

या वेळी तुम्ही उगाच विचारत नाही. या वेळी भांडण आहे.

तुम्ही सांगितलंत तसं मी त्याला मटार सोलायला बसवलं होतं. ढीगभर शेंगा झाल्या. तो फक्त एवढं म्हणाला, "क्रेनचा ब्रेक मला आवडत नाही." मी म्हटलं, मग सांग ना वर. म्हणाला, "सांगितलंय." मला वाटलं, झालं, एवढंच होतं. मी बाई बस चालवते. ब्रेक आवडत नाही म्हटलं की डेपोत लेखी द्यायचं, बस आत जाते, दुसरी मिळते. त्याच्याकडेही तसंच असेल असं मी धरून चालले.

मग या महिन्याच्या सुरुवातीला तो भरदुपारी घरी आला. म्हणाला, "मी उतरलो." म्हणजे काय, तर काम चालू असताना क्रेन बंद करून खाली उतरला आणि परत चढायला नाही म्हणाला. मालकांनी त्याला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं आहे. मी विचारलं, काय झालं? तो नळाखाली हात धरून उभा. मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा साबण लावला. आणि आई, मी दिवसभराची दमलेली होते, मला भीतीही वाटली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाकीचे चालवतात ना तीच क्रेन? मग तुलाच काय धाड भरली?"

 त्यानंतर आठ-दहा दिवस आम्ही एकाच घरात एकमेकांना वाट करून देत वावरलो. मग त्याने बॅग भरली.

मला अजूनही नक्की माहीत नाही, त्या दिवशी काय झालं. तुम्हाला तो सांगेल तर बघा. पण तो हळू बोलतो आणि तुम्हाला ऐकू येत नाही. त्याला लिहायला लावा. तुम्हाला नाही तर मला. कोणालाही.

तुमची सून


२८ मे

आईने माझ्यापुढे कागद ठेवला. म्हणाली, "मला ऐकू येत नाही, तिला तू दिसत नाहीस. तेव्हा दोघींना पुरेल असं लिही." मग ती स्वयंपाकघरात जाऊन बसली आहे. मला काय लिहायचं ते कळत नाही, पण लिहितो.

तू केबिनमध्ये कधी आली नाहीस. पायाखाली काच असते. कंटेनरचा डबा उचलला की तो माझ्या दोन पावलांच्या मधे लटकतो आणि त्याच्या भोवती खालची माणसं दिसतात. वरून फक्त हेल्मेट दिसतात. चेहरा कोणाचाच नाही. तरी चालीवरून मी प्रत्येकाला ओळखतो.

ओझं वरखाली करायचा दांडा मधे आणला की ओझं जागच्या जागी थांबायला हवं. माझ्या क्रेनवर थांबत नव्हतं. थोडं खाली सरकायचं, मग थांबायचं. आधी वीतभर. मग हातभर. मी मुकादमाला सांगितलं. मेकॅनिक आला, काहीतरी आवळून गेला. काही दिवस बरं, मग पुन्हा तेच. पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "सगळ्याच थोड्या सरकतात. तू जुना माणूस आहेस, अंदाज घेऊन चालव." मी अंदाज घेऊन चालवू लागलो. जिथे थांबवायचं त्याच्या आधीच दांडा मधे आणायचो. माझा अंदाज इतका पक्का झाला की खाली कोणाला काही जाणवतच नव्हतं. मला त्याचा अभिमानही वाटायचा. आता वाटतं, मी चांगलं चालवत होतो म्हणूनच ती क्रेन चालू राहिली.

मग ती हिरवी टिकली. दांड्याशेजारी लावली होती. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, वेडेपणा आहे. पण नजर जायचीच. रिकामा हुक नेताना दात सुटे असायचे. डबा जहाजावर असताना सुटे. खाली माणसं आली, की माझा हात दांड्यावर जायच्या आधीच दात एकमेकांवर घट्ट. दर वेळी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बघा आणि सोडा. मी सोडायला जायचो आणि सोडता यायचं नाही. मला वाटायचं, दात सोडले तर डबा सुटेल. मी ब्रेक दातांनी लावत होतो. हे मला त्या टिकलीपाशी कळलं. एकदा कळल्यावर परत न कळल्यासारखं करता येईना.

त्या दिवशी वारा होता. डब्याच्या कोपऱ्यातली कुलपं काढणारी एक बाई आहे, थोडी लंगडत चालते. ती खाली उभी राहून हेल्मेटचा पट्टा बांधत होती. मी दांडा मधे आणला. नेहमीच्या अंदाजाने आणला. ओझं थांबलं नाही. अंदाजाच्या पलीकडे गेलं आणि तिच्या डोक्याच्या जरा वर येऊन थांबलं. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. पट्टा बांधत राहिली. वर मी आहे म्हणून तिने पाहिलं नाही.

मी डबा मोकळ्या जागेत नेऊन टेकवला. क्रेन बंद केली आणि उतरलो.

मुकादम धावत आला. "काय झालं?"
मला बोलताच येईना. दातखिळी बसल्यासारखं झालं होतं. गाल दोन्ही हातांनी दाबले तेव्हा तोंड उघडलं. म्हटलं, "ब्रेक."
"बघू नंतर. वर जा आधी. जहाज उभं आहे."
"खाली माणसं नसतील तर जातो."
"माणसं नसतील तर काम कसं होईल?"
म्हटलं, "तेच म्हणतोय मी."

एवढंच झालं. घरी आलो तेव्हा हे सगळं तोंडात होतं. तू म्हणालीस, बाकीचे चालवतात ना. ते मला लागलं, कारण शिडी उतरताना मीही स्वतःला तेच विचारत होतो. तुझ्यावर राग नाही. उत्तर नव्हतं म्हणून गप्प होतो. अजूनही नाही. बाकीचे चालवतात. मला जमलं नाही.

आई दारातून डोकावून गेली. विचारते, झालं का. झालं.


१ जून

पत्र मिळालं. बस डेपोत लावली आणि ड्रायव्हरच्या सीटवरच बसून वाचलं. मागून झाडूवाले आले, मला उठवेनात बिचारे.

जे बोलले ते मी परत घेते. लाखभर माणसं चालवत असली तरी तू उतरलास ते बरं केलंस. तू क्रेनवर असतास आणि मी खाली उभी असते, तर मलाही वर बघायची गरज वाटली नसती.

आता ऐक. बाकीचेही चालवत नाहीत. ती लंगडणारी बाई काल माझ्या बसमध्ये चढली. मी तुझी बायको हे तिला कसं कळलं देव जाणे. माझ्या मागेच उभी राहून तिने सगळं सांगितलं. तुझ्या जागी बदलीचा माणूस चढवला होता. त्याने एक डबा उचलला, ठेवला, आणि खाली उतरून म्हणाला, "हा माणूस इतके दिवस काय चालवत होता?" मग तिसऱ्याला सांगितलं, तो शिडीपर्यंतही गेला नाही. खालची माणसं हुकाखाली जायला तयार नाहीत. क्रेन उभी आहे. तपासणीला बाहेरून लोक बोलावले आहेत.

आईंना सांग, दोघींना पुरलं.

ये.


१५ जुलै

आई,
नमस्कार.

पत्राला उशीर झाला, पण या वेळी काही लपवायचं होतं म्हणून नाही. चौकशी संपायची वाट बघत होते.

तपासणीत ब्रेकचं अस्तर पार झिजलेलं निघालं. नुसतं आवळून भागण्यासारखं नव्हतं, वरून सांगत होते तसं "थोडं सरकणं" तर नव्हतंच. सगळे भाग बदलायचे आहेत, तोवर क्रेन बंद. त्याला परत घेतलं आहे, पण दुसऱ्या क्रेनवर, लहान, धक्क्याच्या पार टोकाला. कोणी माफी वगैरे मागितली नाही. मुकादम त्याच्याशी कामापुरतं बोलतो, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून. हे त्याला टोचतं, मला दिसतं. पंधरा वर्षं ते दोघं एकत्र डबा खायचे. मी त्याला म्हटलं, होईल सगळं सुरळीत. तो म्हणाला, "नाही झालं तरी चालेल." मला वाटतं, चालणार नाही त्याला. पण निदान तसं म्हणाला.

दातांबद्दल तुम्ही विचारलंत. एकदम थांबलं असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण तसं नाही. मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी कवच उजेडात धरून दाखवलं, त्यावर नवे चरे आहेत. आधीपेक्षा कमी, पण आहेत. त्या म्हणाल्या, काही लोकांचं हे ताणाबरोबर येतं-जातं, काहींचं थोडं उरतंच. कवच लावत राहायचं, दर काही महिन्यांनी दाखवायचं. कानशिलं आता क्वचित दुखतात. शेक तो स्वतःहून घेतो. मी आमच्या खोलीत परत गेले आहे, ज्या दिवशी जास्त आवाज येतो त्या दिवशी बाहेर येते, आणि सकाळी त्याला सांगते, "काल तू दगड फोडत होतास." तो विचार करतो आणि बहुतेक वेळा कशामुळे ते त्याला सापडतं. कधी सापडत नाही, तेही चालतं.

तुम्ही त्याच्या गालावर बोटं ठेवलीत ते त्याला कळलं होतं, बरं का. तो तेव्हा अर्धवट जागा होता. मला परवा सांगितलं. म्हणाला, "मी डोळे उघडले असते तर आईने हात काढला असता."

नव्या क्रेनवरचा त्याचा पहिला दिवस सोमवारी झाला. संध्याकाळी आला, जेवायला बसला आणि बोलायला लागला. कोणता डबा, कोणतं जहाज, दांडा कसा हलका आहे, ओझं जिथल्या तिथे थांबतं, खालचा नवा पोरगेला माणूस शिट्टी कशी चुकीची मारतो, त्या लंगडणाऱ्या बाईने खालून हात कसा केला. घास हातातच. माझं जेवण झालं, भांडी झाली, तो अजून वाऱ्याची दिशा सांगत होता. मला पहाटेची फेरी होती, डोळे मिटत होते, हुं हुं करता करता माझी मान खाली जात होती. मी उठले नाही. काल पुन्हा तेच, आणि आज तो कामावरून यायची वेळ झाली आहे.

आता तुम्हीच सांगा आई, तुमच्या मुलाला गप्प कसं करायचं?

तुमची सून